ठाण्याच्या खाडीकाठी पवित्र सप्ताह

यरुशलेमला सणासाठी चढून जाणारे यात्रेकरू वाटेत जी गीते गात असत असे परंपरा सांगते, ती पंधरा गीते बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ या क्रमांकांखाली एकत्र आली असून त्यांना आरोहणस्तोत्रे म्हणतात. २०२३ च्या पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, अक्काकडे ऐरोलीला जायचे ठरले, तेव्हा त्यांतली १२७ वे आणि १३१ वे एवढी दोनच स्तोत्रे सोबत घ्यायची, असे मी मनाशी योजले. पहिले रात्रंदिवस राबणाऱ्यांविषयी आहे आणि दुसरे गर्वाविषयी. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून निवृत्त झालेल्या बाईला हे दोन्ही विषय कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. खुर्ची सुटते, परंतु आपल्यावाचून कोणाचे चालत नाही हे दाखवत राहण्याची सवय सुटत नाही. मग ती चर्चच्या मंडळीच्या बैठका, नातेवाइकांची लग्ने, शेजाऱ्यांच्या मुलांचे अभ्यास, जिथे मिळेल तिथे आपल्यासाठी काम शोधत फिरते. विश्रांतीसाठी महाबळेश्वर सोडून एप्रिलच्या उकाड्यात नवी मुंबई गाठणे विचित्र दिसेल खरे. पण मला हवा असलेला विसावा हवापालटाने मिळण्यातला नव्हता.

गुरुवार, ६ एप्रिल

नगरहून पहाटे निघालेली एसटी आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून कल्याणला आली, आणि दुपारी मी ऐरोलीत पोहोचले. वाटेतल्या प्रत्येक गावात मारुतीच्या देवळासमोर मांडव होते, कारण त्याच दिवशी हनुमान जयंती होती. हा योगायोग वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी ईस्टर साजरा होतो, आणि ती पौर्णिमा बहुधा आपल्या चैत्राचीच असते. प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचे भोजन घेतले ती वल्हांडण या यहुदी सणाची रात्रही अशीच पूर्ण चंद्राची होती.

संध्याकाळी दाजींबरोबर ठाण्याला जायचे होते. दाजी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. त्यांचा तिथला एक जुना सहकारी कॅथलिक आहे, आणि तळावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्या संध्याकाळी ज्यांचे पाय धुतले जाणार होते त्या बारा जणांत त्याचे नाव होते. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीचे. आमच्याकडे त्या रात्री प्रभुभोजनाचा विधी होतो, पाय धुण्याचा सहसा होत नाही, म्हणून मलाही कुतूहल होते. दाजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना वाकता येत नाही. निघताना त्यांनी शेजारच्या मुलासमोर सरळ पाय पुढे केला, त्याने सँडलचा पट्टा बांधून दिला, आणि दाजी त्याच्याशी क्रिकेटविषयी बोलत राहिले. तीनशे कामगारांवर आवाज चढवणारा हा माणूस मी पाहिलेला आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिते.

मसुंदा तलावाच्या काठावर एकीकडे कोपिनेश्वराचे देऊळ आणि तिथून जवळच हे चर्च, अशी ही जुन्या ठाण्याची वस्ती आहे. ज्याच्या नावाने चर्च आहे, तो बाप्तिस्मा करणारा योहान गर्वाच्या प्रश्नाला सर्वांत थोड्या शब्दांत उत्तर देऊन गेला. त्याचे शिष्य तक्रार घेऊन आले की आपल्याकडची गर्दी आता येशूकडे जाते आहे, तेव्हा त्याने म्हटले, “त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे.” शाळेतली पटसंख्या शेजारच्या नव्या शाळेकडे वळू लागते तेव्हा असे वाक्य तोंडून निघायला काय लागते, हे मला ठाऊक आहे.

मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेत, योहानकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचला गेला. प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो आणि त्यांतला पेत्र आपले पाय मागे घेतो. लहानपणापासून मला हा पेत्राचा नम्रपणा वाटत आला होता. परंतु दाजींच्या मित्राने आदल्या आठवड्यात पाद्रींकडे जाऊन आपल्याऐवजी कोणा अधिक योग्य माणसाला बसवा असे सांगितले होते, आणि पाद्रींनी त्याला विचारले होते, “योग्य ठरल्यावर बसणार आहात का?” हे त्यानेच आम्हांला हसत हसत सांगितले, तेव्हा पेत्राचा तो नकार मला वेगळा दिसू लागला. दुसऱ्याचे पाय धुणे गर्विष्ठ माणसालाही जमते. त्यात आपण देणारे असतो, आणि देणाऱ्याचा हात वर असतो. आपले भेगाळलेले पाय दुसऱ्याच्या हातात देऊन नुसते बसून राहणे, त्या बदल्यात काहीही न करणे, हे त्याला जमत नाही. मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही, असे कठोर उत्तर पेत्राला मिळाले ते यामुळेच असावे. समोरच्या बाकावर बारा माणसे बसली होती, त्यांत काही स्त्रिया होत्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली नियम बदलल्यापासून हे शक्य झाले आहे. दाजींचे मित्र ताठ बसले होते आणि पाणी पायावर पडताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यानंतर वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी केली गेली आणि लोक बाजूच्या वेदीसमोर जागरणाला बसले. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना जागे राहायला सांगितले होते आणि ते झोपी गेले होते, त्या प्रसंगाचे हे स्मरण. काही वेळाने माझ्या शेजारी दाजींचे घोरणे ऐकू येऊ लागले. मी कोपराने डिवचले, तेव्हा ते पुटपुटले, “शिष्यांनाबी झोप लागलीच होती, बाई. तरी त्यानं त्यांना टाकून दिलं का?”

शुक्रवार, ७ एप्रिल

सकाळी नगरहून मंडळीच्या सचिवांचा फोन आला. चर्चच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी समिती नेमायची आहे, अध्यक्षपद तुम्हीच घ्यावे, दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही, असे ते म्हणाले. हे शेवटचे वाक्य ऐकून मला जो आनंद झाला तो उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, दिवशी शोभणारा नव्हता. उत्तर रविवारी देते, असे सांगून मी फोन ठेवला.

ठाण्यात मराठी मंडळीची उपासना बारा ते तीन होती. वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांपैकी एकेका उद्गारावर एकेकाने बोलायचे, मध्ये गीत आणि प्रार्थना, अशी ही पद्धत बहुतेक मराठी मंडळ्यांत रुळलेली आहे. तीन तास पंख्याखालीसुद्धा घाम निथळत होता. सात वक्त्यांपैकी दोघेतिघे वेळेचे भान सोडून बोलले. ख्रिस्ती वक्त्याला नम्रतेवर बोलताना सर्वांत जास्त वेळ लागतो, असे माझे जुने निरीक्षण आहे. दुसरा आणि सहावा उद्गार मात्र मनात राहिले.

दुसरा उद्गार शेजारच्या वधस्तंभावरील चोराला उद्देशून आहे: तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. बोलणारे गृहस्थ निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांनी सांगितले की या माणसाजवळ सुधारून दाखवायला एक दिवसही उरला नव्हता. त्याचे हात खिळलेले होते, म्हणजे सेवा करणे शक्य नव्हते. पाय खिळलेले होते, म्हणजे कुठल्या तीर्थाला जाणे शक्य नव्हते. बाप्तिस्मा, दानधर्म, मंडळीतले पद, यांतले काहीही त्याच्या नावावर लागणार नव्हते. केवळ माझी आठवण करा म्हणाला, आणि त्याला त्या दिवसाचे वचन मिळाले. सहावा उद्गार, “पूर्ण झाले आहे,” हा योहानाने नोंदवला आहे. त्यावर बोलणाऱ्या तरुण पाळकाने फार थोडक्यात विचारले की जे पूर्ण झाले आहे त्यात आपण रोज काय भर घालत असतो, आणि तो खाली बसला. तीन तासांतले सर्वांत छोटे आणि सर्वांत उपयोगी भाषण तेच.

परतताना रिक्षा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाजवळून गेली. हे कारागृह मुळात पोर्तुगीजांचा किल्ला. त्यांनी तो १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकून घेतले. पुढे इंग्रजांच्या काळात इथेच क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिले गेले. १२७ वे स्तोत्र म्हणते की परमेश्वर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, आणि परमेश्वर नगर राखत नाही तर पहारेकऱ्याचे जागणे व्यर्थ. ही ओळ ज्यांच्या शास्त्रात होती आणि ज्यांच्या पाद्रींना ती लॅटिनमध्ये पाठ असणार, त्यांनीच इथे तट उभारले. ख्रिस्ती म्हणवून घेणाऱ्या सत्तांचा गर्व काही इतरांपेक्षा सौम्य नव्हता, हे आपल्या कोकणाने पुरते अनुभवले आहे, आणि ते झाकून विसाव्याच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

रात्री जेवताना पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. अक्काच्या सासूबाई केडगावच्या मुक्ती मिशनात वाढल्या होत्या, त्यामुळे या घरात रमाबाईंविषयी घरच्या माणसासारखे बोलतात. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या ज्या वीस वर्षांच्या मुलीला दिल्या, तिने १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी साक्ष त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. मनाला स्वस्थता यायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. त्या काळात त्या थांबल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये शिकवत होत्या, अमेरिकेत व्याख्याने देत होत्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडत होत्या. ज्या बाईला चांगली कामे करूनच शांती मिळायची असती, तिला ती केव्हाच मिळाली असती. आणि शांती मिळाल्यावर त्यांचे काम कमी झाले असेही नाही. मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर, हे सर्व नंतरचे आहे. अक्का म्हणाली, “दमल्या नसतील का गं त्या?” दमल्या असतीलच. पण दमणे आणि धास्तावणे यांत अंतर आहे, एवढेच मला तेव्हा सुचले.

शनिवार, ८ एप्रिल

पवित्र शनिवारी उपासना नसते. प्रभू कबरेत आहे आणि शुभवर्तमान त्या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. लूक एवढेच नोंदवतो की त्याच्याबरोबर आलेल्या स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ पाळून विसावा घेतला. सुगंधी द्रव्ये तयार होती, काम उरलेले होते, आणि तरीही त्या थांबल्या.

भाचा सुट्टीवर होता, म्हणून त्याने गाडी काढली आणि आम्ही पाम बीच रस्त्याने नेरूळला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेलो. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ओहोटीला खाडीतले चिखलाचे मैदान उघडे पडते, त्यावर हे पक्षी चोच उलटी करून पाण्यातले बारीक शेवाळ गाळून खातात. भरती आली की ते मैदान बुडते आणि थवे नेरूळच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्याने भरती मोठी होती आणि दुपारच्या उन्हात हजारो पक्षी एका पायावर उभे होते, त्यांतल्या पुष्कळांनी मान पाठीवर टाकली होती. मागे सीवूड्सच्या इमारतींची रांग होती. आकाशातील पाखरांकडे पाहा, असे डोंगरावरच्या प्रवचनात म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ पाखरे काही करत नाहीत असा लावला जातो. रोहित पाहिले की तो अर्थ टिकत नाही. ओहोटीत ते तासन्‌तास मान खाली घालून खात असतात, आणि भरतीत उभे राहतात. भरती लवकर ओसरावी म्हणून त्यांची धडपड मला तरी दिसली नाही.

भाचा ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत आहे. एप्रिल म्हणजे तिथे वार्षिक मूल्यमापनाचा महिना. दहा जणांच्या चमूत कोणाला वरचा दर्जा मिळणार हे ठरलेल्या प्रमाणात वाटले जाते, त्यामुळे एकाचे चांगले झाले की दुसऱ्याचे आपोआप खाली जाते. गेले काही आठवडे तो रात्री दोन वाजता मेल तपासत होता. मी त्याला १२७ व्या स्तोत्रातली पुढची ओळ वाचून दाखवली: पहाटे उठणे, उशिरा विसावणे आणि कष्टाचे अन्न खाणे व्यर्थ आहे, कारण परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. तो म्हणाला, “मावशी, हे आमच्या मॅनेजरला सांग. मग काम करायचंच नाही का?”

प्रश्न रास्त होता आणि त्याला गोड बोलून टाळण्यात अर्थ नव्हता. प्रेषित पौल तंबू बनवून पोट भरत असे आणि आपण सर्वांपेक्षा अधिक श्रम केले असे तो करिंथच्या मंडळीला उघड लिहितो. मात्र लगेच पुढे म्हणतो की ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. कष्टी व भाराक्रांत लोकांना बोलावून विसावा देईन असे म्हणणारा प्रभूसुद्धा पुढच्याच वाक्यात माझे जू आपणांवर घ्या असे सांगतो. मी हे बोलत असताना दाजी गाडीतून काठी टेकत उतरले आणि त्यांनी विषय आपल्या हाती घेतला. ते पाथर्डीकडच्या शेतकऱ्याच्या घरचे. “जू नीट तासलेलं नसलं तर बैलाचा खांदा सुजतो,” ते भाच्याला सांगू लागले, “पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी कशाला करतो आपण? वर्षभर घासलेला असतो तो. पण चांगला सुतार बैलाच्या मानेचं माप घेऊन जू करतो. ते घेऊन बैल दिवसभर चालतो, खांदा शाबूत राहतो. तुझ्या कंपनीनं तुझं माप घेतलंय का?” दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने नोंदवले आहे की येशू सुतारकाम करत असताना नांगर आणि जू बनवत असे. दाजींना जस्टिन ठाऊक नाही. त्यावाचून त्यांचे काही अडले नाही.

भाच्याचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही. कर्जाचे हप्ते आहेत, आणि दर्जा खाली गेला तर ते भरायला स्तोत्र येणार नाही, असे तो म्हणाला. हे खरे आहे आणि मी ते मान्य केले. हप्ता भरण्यासाठी काम करणे वेगळे, आणि आपण कोणी आहोत हे ठरवून घेण्यासाठी रात्री दोनला मेल उघडणे वेगळे. दुसऱ्याला मात्र अंत नसतो, एवढे मी म्हटले. मग त्याने मोबाइल मागच्या सीटवर टाकला आणि पक्ष्यांचे फोटो दाजींच्या मोबाइलमधून काढत बसला.

घरी येऊन मी १३१ वे स्तोत्र वाचले. ते तीनच ओव्यांचे आहे. माझे हृदय गर्विष्ठ नाही, मला असाध्य अशा मोठमोठ्या गोष्टींत मी पडत नाही, असे ते म्हणते, आणि शीर्षकात ते दावीदाचे, म्हणजे एका राजाचे, सांगितले आहे. आपला जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत केला आहे, असे त्यात पुढे येते. अंगावर पिणारे मूल आईजवळ येते ते काहीतरी मिळवायला, आणि न मिळाल्यास रडते. दूध तुटलेले मूल नुसते येऊन बसते. दूध तुटण्याचे दिवस त्या मुलाला सुखाचे गेलेले नसतात, हे कोणत्याही आईला विचारावे. म्हणून ही शांती जन्मजात स्वभावाची नाही, ती काहीतरी सुटल्यानंतरची आहे.

रविवार, ९ एप्रिल

पहाटेची उपासना एका शाळेच्या पटांगणात झाली. ‘प्रभू उठला आहे’, ‘खरोखर उठला आहे’ या घोषानंतर ढोलकी आणि पेटीवर भजने झाली, आणि उजाडता उजाडता चहा-बिस्किटे वाटली गेली. मला तिथे कोणी ओळखत नव्हते, कोणी काही सांभाळायला दिले नाही. इतक्या वर्षांत ईस्टरच्या सकाळी मी पहिल्यांदाच रांगेत उभी राहून चहा घेतला.

दुपारी दाजींचे मित्र सहकुटुंब जेवायला आले आणि येताना मार्झिपानची अंडी घेऊन आले. ९ एप्रिल ही ठाण्याच्या इतिहासातली एक तारीख आहे, याची आठवण त्यांनीच काढली. १३२१ साली याच दिवशी ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स आणि तिफ्लिसचा दिमित्री हे फ्रान्सिस्कन बंधू मारले गेले, आणि सिएनाचा पीटर दोन दिवसांनी. ते होर्मुझहून जहाजाने निघाले होते. कोल्लमला उतरून पुढे चीनला जाण्याचा त्यांचा बेत होता, परंतु जहाज त्यांना ठाण्याला घेऊन आले. इथल्या नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका प्राचीन पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना आसरा दिला. एका धार्मिक वादातून स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांचा वध झाला. त्यांचा सोबती जॉर्डेनस त्या वेळी भडोचकडे गेला होता; त्याने त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले. काही वर्षांनी आलेल्या ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे चीनमधल्या झैतून बंदराला नेल्या.

“चीनला जायचं होतं, आणि गेले की शेवटी,” मित्र म्हणाले. दाजींना ते पटले. मला पूर्णपणे पटले नाही. अस्थी पोहोचल्या म्हणजे बेत तडीस गेला, असे म्हणणे ही पुन्हा यशाचीच मोजदाद झाली. त्या चौघांनी ठाण्यात ना मंडळी स्थापन केली, ना इमारत उभारली. ज्या कामासाठी निघाले ते त्यांच्या हयातीत सुरूही झाले नाही. त्यांचे मोल त्या कामावर ठरणार नव्हते हे त्यांना आधीच माहीत असावे, नाहीतर चुकीच्या बंदरावर उतरून माणूस इतका शांत राहत नाही. यावर आमचा बराच वाद झाला आणि अक्काने श्रीखंड पुढे करून तो थांबवला.

संध्याकाळी सचिवांना फोन केला. समितीचे अध्यक्षपद शाळेतल्या तरुण गणिताच्या शिक्षकाला द्या, हिशेब त्याला चांगला कळतो, आणि पावत्या लिहायला व पाकिटांवर पत्ते घालायला कोणी लागले तर मी येईन, असे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी काळजीच्या सुरात विचारले, “बाई, तब्येत बरी आहे ना?”